वत्सलाची जागा

१९७२ साल. मार्चअखेर वत्सलाचा बास्केटबॉल क्लबशी करार संपणार होता आणि रेल्वेने तिला नोकरी देऊ केली होती. ती राहणार की जाणार, हे कळल्याशिवाय प्रशिक्षक इंदूताईंना पुढचा संघ बांधता येईना. विचारलं की वत्सला नुसती हसायची.

शेवटी तिच्याशिवाय संघ कसा खेळतो ते पाहायला इंदूताईंनी तिला सरावात बाहेर बसवलं. मुली सवयीने चेंडू तिच्याच डाव्या कोपऱ्यात फेकत राहिल्या. तिथे कुणीच नव्हतं. चेंडू थेट कडुनिंबाखाली!

"भुताला पास देताय का गं?" इंदूताई करवादल्या.

तशी वत्सला उठली. उंच, धांदरट कुमुदला दंडाला धरून तिने त्या कोपऱ्यात उभं केलं. "टाक इथून. चुकला तर मी आणते." अंधार पडेपर्यंत ती चेंडू आणून देत राहिली. इंदूताईंना उत्तर मिळालं, ही जाणार. भरल्या डोळ्यांनी त्यांनी वहीत कुमुदचं नाव लिहिलं.

वत्सला रेल्वेकडून बारा वर्षं खेळली, कुमुद क्लबची कप्तान झाली. तिच्या संघाने रेल्वेला एका गुणाने हरवलं, तेव्हा वत्सला निवृत्त इंदूताईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, हिला उगाच शिकवलं हो मी!"