अळणी

जिलूच्या ओठांना मीठ लागलं होतं. पुंजीमानं नातीचा जबडा धरून तिचं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि अंगणात जमलेल्या बायकांना दाखवलं. कोणाला वेगळं सांगायची गरज पडली नाही. सारं गाव आठ महिने रणात, त्या खाऱ्या वाळवंटात, मीठच पिकवतं. पांढरं काय चमकतंय ते इथं आंधळीलाही कळेल.

मोळाकतचा तिसरा दिवस होता. या व्रतात पोरींनी पाच दिवस अळणी खायचं, कुंडीत पेरलेल्या गव्हाला पाणी घालायचं आणि गौरीकडे चांगला नवरा मागायचा. सात वर्षांच्या जिलूनं नुसतं आपलंच व्रत मोडलं असतं तरी एक वेळ झाकलं गेलं असतं. पण तिनं तळ्यामागे बैठक मांडून, काकडीला मीठ चोळून गल्लीतल्या सगळ्या पोरींना खाऊ घातलं होतं. आणि पोरींनी मिटक्या मारत खाल्लं होतं.

लाभू धुणं घेऊन तळ्यावरून आली ती थेट या गलक्यात. ऐकलं मात्र, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुणं खाली टाकून तिनं लेकीच्या पाठीत धपाटा घातला.

"का खाल्लंस गं, भवाने?"

"भूक लागली होती."

"दूध होतं, शिरा होता, तो काय उंदरांसाठी केला होता?"

"गोड खाऊन खाऊन मळमळतंय, बा," जिलू म्हणाली. आईला ती बा म्हणायची. "आणि तो भिख्या तिकडे गाठिया खातोय. त्यानं माझ्यासाठी काय सोडलंय?"

एक तरुण सून पदराआड फिसकन हसली. भिख्याची आजी नाथीमा मात्र ताडकन उठली. जिलू पाळण्यात होती तेव्हाच नाथीमानं नातवासाठी तिला मागणी घालून नारळ दिला होता.

"ऐकलंत? जिभेला हाड म्हणून नाही! अगं, व्रत मोडलं की नवऱ्यावर बेततं. माझा एकुलता एक नातू आहे. तिच्या जिभेला डाग द्या, म्हणजे दोष जाईल. नाहीतर आजपासून सोयरीक मोडली म्हणून समजा."

पुंजीमानं तोवर चुलीत उलथणं खुपसलंही होतं. नातीपेक्षा तिला नारळाची काळजी जास्त होती. उलथण्याचं टोक लाल झालं तसं फडक्यात धरून तिनं ते सुनेपुढे केलं.

"धर. आईनंच द्यायचा असतो."

लाभूनं ते घेतलं. लेकीचा तिला भयंकर राग आला होता, आणि तो काही आजचा नव्हता. कार्टी पोटात होती तेव्हापासून लाथा मारत होती. रणात, झोपडीत, सुईण येईपर्यंतही दम निघाला नाही तिला. पायाळू जन्मली, आणि अशी किंचाळली की शेजारच्या मिठागरातली माणसं धावत आली. रांगायला लागली ती नेमकी मिठाच्या वाफ्यात शिरली, आणि सोलवटलेले गुडघे घेऊन हसत बाहेर आली. पाच वर्षांची असताना व्यापाऱ्याचा माणूस लाभूला 'ए काळे' म्हणाला, तर ही त्याच्या मनगटाला कडकडून चावली. लाभूनं तिला तेव्हाही बडवली होती, आणि मग त्याच हातानं गूळ भरवला होता. किती मारलं तरी पोरीनं नजर म्हणून खाली घातली नाही. आणि खरं सांगायचं तर ती कधी खाली जाऊ नये, एवढंच लाभूला वाटायचं.

"जीभ काढ बाहेर," ती म्हणाली.

दुसरी एखादी पोर पळत सुटली असती. जिलूनं उलथण्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि पाय रोवून जीभ बाहेर काढली. पुरती, अगदी हनुवटीपर्यंत. डोळेसुद्धा मिटले नाहीत. बा करील ते बरंच करील, अशा भरवशानं ती उभी होती.

त्या भरवशानं लाभूचा सगळा राग गर्रकन फिरला. तिनं उलथणं पाण्याच्या घागरीत खुपसलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली. बायका दोन पावलं मागे सरल्या.

अंगण गप्प झालं तसं घरातलं घोरणं ऐकू येऊ लागलं. लाभूचा नवरा वाघजी सकाळीच ढोसून येऊन पडला होता.

"मा," लाभू सासूला म्हणाली, "मी पाच वर्षं हे व्रत केलं. एकदासुद्धा मोडलं नाही. मिठाचा खडा जिभेला लागू दिला नाही. गौरीनं मला काय दिलं, ऐकू येतंय ना?"

पुंजीमानं जाऊन घराचं दार ओढून घेतलं.

"आणि नाथीमा, तुमचा नारळ नको आम्हाला. त्याची चटणी वाटा. मीठ माझ्याकडून घेऊन जा, हवं तेवढं."

"बाई बाई बाई! आईच अशी, मग पोर कशी निघणार?"

"अशीच निघणार," लाभू म्हणाली. "अशीच निघू दे."

जिलू अजून तशीच उभी होती. हनुवटीवर लाळ ओघळत होती. जीभ बाहेर ठेवूनच तिनं बोबड्या आवाजात विचारलं, "बा, आत घेऊ?"

लाभूनं अंगणातल्या एकेका बाईकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "सगळ्यांना नीट बघू दे."