हललं तेच दिसतं

पोंभुर्ण्याजवळच्या गावात राजदीपने जंगलाच्या कडेला नवा कॅमेरा बसवला. त्याचा सेन्सर फक्त हलणारी गोष्ट टिपायचा. बाकी पडदा काळाच. माणूस आणि वाघ एकदम दिसले की गावात भोंगा वाजणार होता.

"मी दिसन का रे त्यात?" मोहफुलं वेचायला निघालेल्या त्याच्या आईने, केसरबाईंनी विचारलं.

"हलत राह्यली त दिसशीन, माय."

"मले थांबायची सवयच कुठी हाये!"

सकाळभर केसरबाई वाकून फुलं वेचताना पडद्यावर दिसत होत्या. राजदीपने चहा ओतून घेतला आणि वर पाहिलं, तेव्हा पडदा काळा होता. मग झुडपातून वाघ बाहेर आला. एकटाच.

"बरं झालं, माय निघून गेली," तो शेजारच्या वनरक्षकाला, विनोदला म्हणाला.

विनोदचा चेहरा उतरला. "भाऊ, कालच्या सभेत मीच बायांले शिकवलं. वाघ दिसला त पळायचं नाई. जागच्या जागी उभं राह्यचं, हलायचं नाई."



पडद्यावर केसरबाई पुन्हा दिसल्या. वाघ त्यांना मानेला धरून ओढत होता, आणि गावात भोंगा वाजू लागला होता.