वडिलांचा रकाना

"नोकर नको लिहूस," बाई म्हणाली. "रंग उद्योग, असं लिही."

पोरीचं पेन थांबलं. विमान कंपनीचा फॉर्म तिच्या मांडीवर होता आणि वडिलांचा व्यवसाय एवढा एकच रकाना मोकळा राहिला होता.

"आई, बाबा दुकानात रंग कालवतात. तेच लिहिते."

"कालवतात म्हणे. चिखल आहे का तो? उद्योग लिही. ह्या लोकांना काय कळतंय."

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं, तो शेजारच्या खुर्चीवर बसून समोरची भिंत बघत होता. बायको बोलायला लागली की तो भिंतच बघायचा. बावीस वर्षं बघत आला होता.

कंपनी दरवर्षी बारा जण निवडायची, आपल्या खर्चाने त्यांना विमान चालवायला शिकवायची आणि मग नोकरीला ठेवायची. अर्ज आले होते चार हजार. पोरगी लेखी परीक्षेत तरली, मुलाखतीत तरली. आता डॉक्टरांची तपासणी तेवढी राहिली होती. घराण्यात कुणाला काय आजार आहेत हे सांगायला आईबापांनाही बोलावलं होतं. बाईने आठवडाभर आधीच गल्लीला सांगून ठेवलं होतं, आमची आता वरूनच जाणार, कपडे वाळत घालताना हात करा म्हणून.

हॉलमध्ये आणखी पाच-सहा उमेदवार बसले होते. बाईने एकेकाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"तो बघा, घाम पुसून पुसून रुमाल पिळायला आला त्याचा. आणि ती कोपऱ्यातली, तिला स्कूटरवर मागे बसायची भीती वाटत असेल. ह्यांच्या हातात विमान देणार?"

"ही भिंत दोन वेळा रंगवलीये," नवरा म्हणाला.

"काय?"

"खिडकीच्या डावीकडचा हिरवा दुसऱ्या डब्यातला आहे. लालाचा एक थेंब जास्त पडलाय त्यात."

बाईने भिंत बघितली. एकसारखी हिरवी भिंत. "मला तर काही दिसत नाही. तुला दिसतं का गं?"

"नाही," पोरगी म्हणाली.

"कुणालाच दिसत नाही. जे कुणाला दिसत नाही ते ह्यांना दिसतं, आणि जे जगाला दिसतं ते ह्यांना जन्मात दिसलं नाही."

नवरा पुन्हा भिंतीकडे वळला. दुकानात मालकाने रंगाचं मशीन आणलं होतं. पण मशीनचा रंग जुन्या भिंतीशी जुळला नाही की गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन ह्याच्याकडेच यायचं. तो पोपडा उन्हात धरायचा, डब्यात दोन थेंब टाकायचा, आणि ठिगळ कुठे लावलं ते घरमालकालाही सापडायचं नाही. बाईच्या लेखी ह्याला अक्कल लागत नव्हती. अक्कल असती तर दुकान ह्याचं असतं.

पोरीलाही त्याने लाडाने पांगळं केलं, असं तिचं म्हणणं. पाचवीपर्यंत हा माणूस तिच्या एकेका रंगीत पेन्सिलीवर चिठ्ठी चिकटवायचा. लाल, हिरवा, तपकिरी. "पोर काय आंधळी आहे?" बाई विचारायची. "अक्षरं पक्की होतील," तो म्हणायचा.

नशीब, पोरगी बापावर गेली नव्हती. त्याच्यापेक्षा वीतभर उंच, नाक कसं तरतरीत. कुणी तसं बोललं की बाई म्हणायची, "देवाला तेवढी दया आली."

पोरीला आत नेलं. अर्ध्या तासाने आईबापांनाही बोलावलं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडं होतं आणि पोरगी मान खाली घालून बसली होती.

"बाकी सगळं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण हिला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. ठिपक्यांमधले आकडे वाचताच आले नाहीत तिला. वैमानिक म्हणून नाही घेता येणार."

"पुस्तक जुनं असेल तुमचं. छपाई उडालीये. दुसरं आणा."

"तीन पुस्तकांवर बघितलं."

बाईला सगळी गल्ली डोळ्यांपुढे दिसली. मग तिला जे नेहमी सोपं जायचं तेच तिने केलं. ती नवऱ्याकडे वळली.

"हे ह्यांच्याकडचं. आमच्यात सगळ्यांचे डोळे घारीसारखे. ह्यांच्या घराण्यात एक माणूस धड नाही. पोरीच्या जन्माचं वाटोळं केलं."

"असू शकतं तसं," डॉक्टर म्हणाल्या. "मुलींमध्ये हा दोष फार क्वचित दिसतो. कारण..."

"बाळा," नवरा मध्येच बोलला. तो असा मध्ये कधी बोलत नसे. "माझी छत्री बाहेर राहिली. बघ जरा."

पोरगी डोळे पुसत उठून गेली. दार बंद झालं.

"कारण मुलीला तो दोघांकडून यावा लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "आईच्या नुसता अंगात असला, तिला स्वतःला काही त्रास नसला, तरी पुरतं. वडिलांचं तसं नाही. मुलीला दोष आहे म्हणजे वडिलांनाही लाल-हिरवा कळत नसतो. वडिलांना कळत असेल तर मुलीला हा दोष होत नाही."

"ऐकलंत?" बाई म्हणाली. "ऐकलंत ना? वडिलांकडून. मी मघापासून काय म्हणत..."

आणि ती थांबली. बाईचं वाक्य अर्धं राहिलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी आपला तपासणीचा फॉर्म पुढे ओढला आणि वडिलांच्या आजारांच्या रकान्यावर पेन टेकवलं. "मग? तुम्हाला येते का अडचण? लाल-हिरव्यात?"

बाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"येते," रंगवाला म्हणाला. "जन्मापासून. घरी कधी बोललो नाही, एवढंच."