खिडकीतलं लाल झाड

खिडकीतलं झाड लाल झालं होतं.

आनंदाबाई उंबऱ्यातच थबकली. कुशीत दोन महिन्यांची लेक, बाहेर पौषातलं मळभ, सगळं वर्धा कसं करडं दिसत होतं. आणि घरात हा नाताळचा रंग! दोन हिवाळे तिनं या कुंडीची मनधरणी केली, पण झाड ढिम्म हिरवंच. ती बाळंतपणाला माहेरी अल्लीपूरला गेली आणि पठ्ठ्यानं तिच्यामागे रंग उधळला.

"रोज पाणी घातलं," चंद्रभान म्हणाला.

तिला स्वतःचीच लाज वाटली. लग्नाआधी संध्याकाळ झाली की चंद्रभानची पावलं स्टेशनापलीकडे एका बाईच्या दाराशी वळायची. म्हणून माहेरी निघताना तिनं एवढंच मागितलं होतं, की तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवायचं नाही, कंदील आपल्या हातानं लावायचा. बाकीचं त्याला न सांगता कळलं. पोटातल्या लेकराची शपथ त्यानं आपणहून घेतली.

"लावत होते ना जी कंदील?"

"एक दिस चुकला नाई. या खिडकीतच ठेवून बसत होतो, तुयी वाट पाहत."

कंदिलाची काचही लखलखीत होती. उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर, असं म्हणत तिनं डोळे पुसले. चंद्रभान कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला गेला.

दुपारी यशोदाबाई बाळाला बघायला आल्या. त्या मिशनच्या दवाखान्यात दाई होत्या. झाडाची फांदी त्यांनीच तिथून आणून दिली होती. कुंडी पाहून त्या हरखल्या.

"तुले बी समजलं म्हना याचं गुपित. मले तर आमच्या माळ्यानं यंदा सांगितलं. दिस बुडला का तो यावर टोपलं झाकते. दोन महिने सांजेपासून गच्च अंधार पाह्यजे, तवा पानं लाल होतात. कंदिलापाशी ठेवलं तं जल्मभर हिरवंच."

त्या गेल्यावर आनंदाबाईनं कंदील खाली घेतला. जाताना तिनंच काच राखेनं घासली होती, नवी वात घातली होती. वात अजून पांढरी होती.

दिवेलागणीला चंद्रभान आला आणि काडेपेटी शोधू लागला.

"राहू द्या," लेकीला थोपटत ती म्हणाली. "घराले अंधाराची सवय झाली. पन शपथ या लेकराची नव्हती घ्याची."