डाव्या पायाचा आवाज

शांत खोलीत घोट्यावरच्या पट्ट्याचं वेल्क्रो चर्रकन वाजलं. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या पायांतला रक्तप्रवाह तपासणारी ती आज घरी वडिलांच्या पायाशी बसली होती. उजव्या घोट्यावर यंत्राची कांडी टेकवताच रक्ताची सूं सूं ऐकू आली. डाव्यावर नुसती खरखर. तिनं घोट्यावर आणखी जेल लावलं, कांडी सरकवून पाहिली.

"माझ्यासारखाच मितभाषी," बाबा हसले.

वर्षभर रस्त्यानं चालताना ते दर दुकानापुढे थांबायचे. "घ्यायचं काही नाही, मग बघता कशाला?" म्हणत ती त्यांना ओढून न्यायची. पोटरी भरून येते म्हणून थांबतो, हे त्यांनी आज सकाळी सांगितलं.

तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं आजोबांच्या पायाला कान लावला.

"आई, तू रोज सगळ्यांचे पाय ऐकतेस ना? मग आजोबांचा का नाही ऐकलास?"