वळवलेला फोन

कोल्ड स्टोरेजच्या टोल-फ्री नंबरवर मालकांनी फोन घेणारं मशीन बसवलं आणि ऑपरेटरबाईंना घरी बसवलं. मशीन बंद पडलं की फोन आपोआप बाईंच्याच मोबाईलवर वळत. तो नंबर काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

रविवारी दुपारी बाईंचा मोबाईल वाजला.

"ताई, थंड खोलीचं दार बाहेरून लागलंय. आम्ही दोघं हमाल आत अडकलोय. बोटं बधिर झालीत, लवकर कुणाला तरी पाठवा!"

"धीर धरा दादा. चावी मालकांकडे असते, आत्ता लावते त्यांना फोन."

बाई पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या.

&nbsp;

"कामावर परत घ्या म्हणून पिच्छाच सोडत नाही ही बाई," मालक जेवता जेवता बायकोला म्हणाले आणि त्यांनी नंबर ब्लॉक करून टाकला.