चिंधाला पडलेली भुरळ

छगननं जामनेरहून प्रोफेसर निर्मलकुमारांना गाडीत घालून आणलं, तेव्हा भिकुबाईच्या हातातली घागरच निसटली.

"नको घाबरू वहिनी," दीर म्हणाला. "प्रोफेसर टाळी वाजाडतीन, भाऊ जागा व्हई."

महिन्यापूर्वी एरंडोलच्या बाजारात प्रोफेसरांनी नजरबंदीचा खेळ केला होता. चार-पाच गड्यांना भुरळ घातली. टाळी वाजताच बाकीचे डोळे चोळत उठले, भिकुबाईचा नवरा चिंधा तेवढा उठेना. त्याला पडद्यामागं नेलं, तरी बाहेर आला तो शून्य नजरेनंच. घरी आल्यावर मुकाट्यानं घागर उचलून विहिरीवर गेला.

एरवी बायकोचं ऐकणाऱ्याला गावात 'भुरळ पडली' म्हणून चिडवत, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो चिंधाच. आता तो स्वतः डोक्यावर घागर घेऊन गल्लीतून जायचा. पण कोणी हसत नव्हतं. बिचाऱ्याची शुद्ध गेली, त्याचा काय दोष, असंच सगळे म्हणायचे.

भिकुबाईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. मारुतीच्या देवळात आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या की ती चिंधाला हाताला धरून घरात न्यायची. पोरांनी खेळात टाळ्या पिटल्या तरी अंगावर धावून जायची. नवऱ्याच्या काळजीनं बाई पार वाळली, असं शेजारणी म्हणत. एकदा कासारीण दारावरून विचारून गेली, "काय वो, या महिनामा एकबी बांगडी फुटनी नही का?" भिकुबाईनं हातातल्या बांगड्यांवर पदर ओढला.

आता ओट्यावर माणसं जमली होती. चिंधा गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. प्रोफेसर हातपाय धुवायला मागच्या दारी आले. भिकुबाईनं तांब्या पुढं केला आणि एकदम त्यांचे पायच धरले.

"भाऊ, हात जोडस, टाळी वाजाडू नका! तो जागा झाया ते माले पहिलासारखा मारी."

प्रोफेसरांनी ओट्याकडं एकवार पाहून आवाज खाली आणला.

"बाई, तो पहिल्याच टाळीला जागा झाला होता. पडद्यामागं नेला तर ढसाढसा रडला. म्हणाला, मी उठलोच नाही असं गावाला सांगा. शुद्धीवर असताना बायकोची घागर उचलली, तर लोक हसतील."